माहेरच्या गावात मुसाफिर

ज्या गावात आपली माणसे आहेत त्या गावात हॉटेलात उतरणे, हे आपल्या समाजात जवळजवळ भांडण समजले जाते. घरात दोनच खोल्या असल्या तरी तिसरी गादी अंथरली जाते, मुले जमिनीवर जातात, पाहुणा पलंगावर झोपतो. मेहमान म्हणजे रहमत, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. आणि ती पाहुणी घरचीच मुलगी असेल, माहेरी आलेली असेल, तर विचारायलाच नको. तिने स्टेशनवरून सरळ घरी यायचे, बॅग दारात टाकायची आणि स्वयंपाकघरात जाऊन झाकणे उघडून बघायची. हीच रीत.

म्हणून गेल्या नोव्हेंबरात मी गोंदियाला, माझ्या माहेरच्या गावी, दोन रात्री हॉटेलात राहिले हे कळल्यावर अकोल्यातल्या माझ्या मैत्रिणींनी पहिला प्रश्न हाच केला, "भावाशी बिनसलं का गं?" बिनसले नव्हते. बिनसू नये म्हणूनच मी तिथे उतरले होते. ते कसे, हे लिहावेसे वाटते, कारण ज्या कामासाठी मी गेले होते ते काम आपल्यापैकी पुष्कळ भगिनींच्या वाट्याला येते आणि त्याबद्दल बोलायला घरात जागा सापडत नाही.

काम घराचे होते. आमचे अब्बा गोंदियात एका राइस मिलमध्ये मुनीम होते. गोंदियाला 'राइस सिटी' म्हणतात ते उगाच नाही. वैनगंगेच्या खोऱ्यातला आणि तलावांच्या पाण्यावरचा धान इथे येतो, भरडला जातो, आणि तुसाचा तो कोरडा, घशाला खवखवणारा वास आमच्या बालपणाचाच भाग आहे. त्या पगारातून अब्बांनी मोहल्ल्यात चार खोल्यांचे घर बांधले. अम्मी आधी गेल्या. अब्बांना जाऊन चार वर्षे झाली. मागे आम्ही तिघे उरलो. बालाघाटला दिलेली आपा, मग भाईजान आणि सगळ्यांत लहान मी. घरात भाईजान, भाभी आणि त्यांची मुले राहतात. अब्बांच्या शेवटच्या तीन वर्षांत त्यांना उचलून न्हाणीघरात नेणारा भाईजानच होता, आणि रात्री दोनला उठून औषध देणारी भाभी. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढची गोष्ट वाचताना कुणी त्यांना लोभी समजू नये.

भाईजानला वरचा मजला चढवायचा आहे. मुलाचे लग्न ठरते आहे. बँक म्हणाली, कर्ज देऊ, पण आखीव पत्रिकेवर तीन वारसांची नावे आहेत, ती एक करून आणा. म्हणून त्याचा फोन आला, "छोटी, एक दिवस येऊन हक्कसोडपत्रावर सही करून जा. आपालाही बोलावलं आहे." इतक्या सहज स्वरात, जणू रेशनकार्डावरचे नाव कमी करायचे आहे. त्याच्या मनात कपट नव्हते. आमच्या मोहल्ल्यात सगळ्याच बहिणी असे करतात. ईदला साडी, मुलाच्या लग्नात भात, बाळंतपणाला माहेरपण, एवढ्याच्या बदल्यात हिस्सा सोडायचा, हा जणू करारच आहे. तो कुठे लिहिलेला नाही, पण मोडणाऱ्या बाईला माहेर राहत नाही, असे मानले जाते.

शरिअतचा हिशोब मात्र साधा आहे. एक मुलगा आणि दोन मुली असतील तर चार भाग करायचे. दोन मुलाचे, एकेक मुलींचा. आपल्या देशात १९३७ च्या शरिअत कायद्याने घराच्या बाबतीत हाच हिशोब आपल्याला लागू आहे. म्हणजे आपाचा चौथा हिस्सा, माझा चौथा हिस्सा. सोडायचा असेल तर सोडता येतो. पण आमच्या अकोल्यातल्या मौलानांना मी विचारले तेव्हा ते म्हणाले, "बेटी, आधी हिस्सा हातात घ्या, मग मन होईल तेवढा द्या. हातात न आलेली गोष्ट लाजेखातर सोडणं, याला मनापासूनचं देणं कसं म्हणायचं?"

माझ्यापुरते पाहिले तर मी नोकरी करते, माझे चालते. प्रश्न आपाचा होता. आपाला वैधव्य येऊन सात वर्षे झाली. शिवणकाम करते, मुलगा दुकानात कामाला आहे, घर भाड्याचे आहे. मला ठाऊक होते, मी सही केली की आपा दुसऱ्या मिनिटाला सही करणार. छोटीने सोडले आणि मोठीने मागितले, असे तिच्याबद्दल कुणी म्हणावे हे तिला सोसणार नाही. म्हणजे माझ्या एका उदारपणाची किंमत आपाने भरायची. हे मला नको होते.

आणि हे सगळे भाईजानच्या घरात बसून कसे बोलायचे? भाभीच्या हातचे खाल्लेले, तिनेच घातलेल्या गादीवर झोपलेली, समोरच्या भिंतीवर अब्बांची काठी टांगलेली. तिथे मिठाचे ओझे येते. मुलीशी बोलत होते तेव्हा तीच म्हणाली, "अम्मी, तू कामासाठी जाते आहेस ना? मग कामासाठी जाणारे लोक राहतात तशी राहा." आणि फोनवर दोन मिनिटांत तिने बाजारपेठेतले एक हॉटेल ठरवून टाकले. वर म्हणाली, "लाउंजवाली खोली घेतली आहे. कुणाला भेटायचं झालं तर खोलीत बोलवावं लागणार नाही."

विदर्भ एक्स्प्रेस अकोल्याला पहाटे येते आणि दुपारच्या आधी गोंदियाला संपते. स्टेशनातून बाहेर पडून मी रिक्षावाल्याला हॉटेलचे नाव सांगितले. घरचा पत्ता सोडून या गावात दुसरा पत्ता सांगण्याची माझी ही पहिलीच वेळ.

इमारत मी ओळखत होते. माझ्या लहानपणी तिथे लॉज होते. खाली कापडाचे दुकान, वर निळ्या चुन्याच्या खोल्या, आणि व्हरांड्यात बनियनवर उभे राहून दात घासणारे बाहेरगावचे मुनीम. तांदळाचे, तेंदूपत्त्याचे, बिडीचे व्यापारी यायचे. हावडा–मुंबई मार्गावरचे जंक्शन, एका बाजूला मध्य प्रदेश, दुसऱ्या बाजूला छत्तीसगड. गोंदियात कुणीतरी सतत उतरतच असते. त्या लॉजसमोरून जाताना अम्मी आम्हा मुलींना पदराआड घ्यायची. बाईमाणसाने तिकडे बघायचेसुद्धा नाही, अशी ती जागा.

आता ओळखू येत नव्हती. काचेचा दरवाजा, गार हवा, चकचकीत फरशी, लिफ्ट, आणि काउंटरवर निळ्या कोटातली एक मुलगी. नुसता रंग न देता आतून सगळे बदलले होते. जिना मात्र जुनाच ठेवला होता, लाकडी कठड्याचा. हाताने झिजून गुळगुळीत झालेले ते लाकूड नव्या पॉलिशखालीही कळत होते. गावही असेच बदलले आहे. १९९९ साली भंडाऱ्यातून फुटून जिल्हा झाला, २०१६ ला सरकारी मेडिकल कॉलेज आले, इंग्रजांच्या काळातल्या बिरसीच्या धावपट्टीवरून २०२२ पासून प्रवासी विमाने उडू लागली. म्हणून आता अशा हॉटेलांत परीक्षा घ्यायला आलेले डॉक्टर असतात, मिलच्या यंत्रांची दुरुस्ती करणारे इंजिनिअर असतात, बँकेचे तपासनीस असतात, औषध कंपन्यांचे प्रतिनिधी असतात. आणि त्या दिवशी त्यांच्यात बुरखा घातलेली एक बावन्न वर्षांची मास्तरीण होती.

काउंटरवरच्या मुलीने आधारकार्ड मागितले, फॉर्म पुढे केला. मनात धाकधूक होती. एकटी बाई, त्यात बुरखा, काय विचारतील? तिने काही विचारले नाही. "मॅडम, जिन्याच्या बाजूची खोली देऊ की आतली? आतली शांत आहे," एवढेच. फॉर्मवर एक रकाना होता, येण्याचे कारण. पर्याय छापलेले होते. व्यवसाय, पर्यटन, कौटुंबिक, इतर. पेन हातात धरून मी थोडा वेळ थांबले. मग 'व्यवसाय' वर खूण केली. भावाच्या घरी गेले असते तर हाच रकाना 'कौटुंबिक' झाला असता, आणि 'कौटुंबिक' म्हटले की आपल्याकडे हिशोबाचे बोलायचे नसते.

ज्या भगिनींना कामासाठी एकटीने कुठे राहण्याची वेळ येईल त्यांच्यासाठी दोन-चार गोष्टी सांगते. खोलीत शिरल्यावर भिंतीवरच्या खाचेत कार्ड घातल्याशिवाय दिवे लागत नाहीत, यात घाबरण्यासारखे काही नाही. दाराची आतली साखळी लावून बघायची. न्हाणीघराची एक भिंत काचेची होती, ही नव्या हॉटेलांची फॅशन मला समजत नाही, पण आतून पडदा होता. गरम पाणी यायला पहिल्या दिवशी अर्धा तास लागला. खाली फोन केल्यावर माणूस आला, आणि त्याच्याबरोबर काउंटरवरची मुलगीही आली. एकट्या बाईच्या खोलीत पुरुष कर्मचारी एकटा पाठवायचा नाही, असा त्यांचा नियम होता. हा नियम मला सगळ्यात आवडला. जेवणाचे विचारले. कोंबडी कुठून येते, कोण कापते? तिने स्वयंपाकघरात विचारून स्पष्ट सांगितले, "दुकान ठरलेलं नाही मॅडम, खात्रीने सांगू शकत नाही." मग मी दोन दिवस वरण-भात, भाजी आणि सकाळी तर्री-पोहे खाल्ले. खोटे 'हो' सांगण्यापेक्षा खरे 'माहीत नाही' बरे.

किब्ला कुठे, हेही तिला विचारले. तिला शब्द माहीत नव्हता. "पश्चिम कुठली?" म्हटल्यावर तिने खिडकीकडे बोट केले. गोंदियात हे सोपे आहे. नकाशा काढून पाहिलात तर एक गंमत दिसेल. मक्का आणि गोंदिया जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत, दोन्ही साडेएकवीस अंश उत्तरेच्या जरा अलीकडे. म्हणून आमच्या गावचा किब्ला जवळपास थेट पश्चिमेला पडतो. पृथ्वी गोल असल्यामुळे सात-आठ अंश उत्तरेकडे कलतो, एवढेच. खिडकीचा पडदा सारला. दूर रुळांवरून एक गाडी मुंबईच्या दिशेने निघाली होती. मी जानमाज अंथरली.

दुपारची जोहर. आणि नियत करताना मला आठवले की मला चार नव्हे, दोनच रकात पढायच्या आहेत.

हे जरा उलगडून सांगते. आपल्या हनफी फिकहप्रमाणे साधारण ७८ किलोमीटरपेक्षा दूर गेलेला आणि पंधरा दिवसांपेक्षा कमी राहणार असलेला माणूस मुसाफिर ठरतो, आणि चार रकातींचा फर्ज दोन पढतो. अकोला ते गोंदिया पावणेचारशे किलोमीटरच्या वर आहे, तेव्हा हिशोब सरळ आहे. पण माहेरचे काय? जिथे आपण जन्मलो, त्या गावातही कस्रच? हो. लग्न होऊन मुलगी सासरच्या गावी कायमची राहू लागली की तिचे 'वतन' ते गाव होते. माहेरी ती चार दिवसांसाठी आली तर तीही मुसाफिरच. नवी नवरी असताना मला हे पहिल्यांदा कळले तेव्हा मी रडले होते. अब्बांच्या घरात, माझ्याच खोलीत, मी प्रवासी? अब्बांनी समजावले होते, "बेटी, ही सवलत आहे, शिक्षा नाही. मुसाफिराचं ओझं कमी करतात, त्याला घरातून काढत नाहीत."

अब्बा १९९१ साली जहाजाने हजला गेले. तेव्हा मुंबईहून जहाजे जात होती, ती १९९५ नंतर बंद झाली. जाण्यापूर्वी ते क्रॉफर्ड मार्केटजवळच्या साबू सिद्दिक मुसाफिरखान्यात उतरले होते. लांबलचक दालने, ओळीने लावलेल्या पेट्या, कुठून कुठून आलेली माणसे. ते नेहमी सांगायचे, मुसाफिराला दोनच गोष्टी लागतात. पाणी, आणि कुणी जास्त न विचारणे. आपल्याकडे याची रीत फार जुनी आहे. १५४० ते १५४५ एवढी पाचच वर्षे राज्य केलेल्या शेरशाह सूरीने रस्त्यांच्या कडेने दर दोन कोसांवर सराया बांधल्या, असे तवारिखांत आहे. तिथे पाणी, खाट, जनावराला चारा. जकातीच्या आठ हकदारांतही मुसाफिर एक आहे, घरी तो श्रीमंत असला तरी. कारण वाटेवर असताना कुणीही माणूस थोडा हलका, थोडा उघडा असतो. त्या दुपारी, पैसे देऊन घेतलेल्या खोलीत, दोन रकातींनंतर सलाम फेरताना मला अब्बांचे ते बोलणे वेगळ्या रीतीने कळले. माझे या गावावरचे प्रेम कमी झालेले नव्हते. फक्त इथे मी कुणावर ओझे नव्हते, आणि माझ्यावरही कुणाचे नव्हते.

आता लाउंज. हा शब्द ऐकून मला वाटले होते, दारूचे काही असेल. मुलीने आधीच विचारून घेतले होते, या हॉटेलात तसले काही नव्हते. तिसऱ्या मजल्यावर एक मोठी खोली. सोफे, तीन-चार गोल टेबले, मराठी-हिंदी वर्तमानपत्रे, एका बाजूला चहा-कॉफीचे यंत्र, आणि संध्याकाळी पाच ते सात बिस्किटे, कटलेट, ढोकळा. साध्या खोलीपेक्षा सहाशे रुपये जास्त दिले की इथे बसता येते. तुमच्याबरोबर एक पाहुणा मोफत, दुसऱ्याचे वेगळे पैसे. थोडक्यात, भाड्याने मिळालेली बैठक. आपल्या जुन्या घरांत बाहेरची बैठक असायची, पुरुषांची. व्यवहार तिथे व्हायचे आणि बायका पडद्यामागून ऐकायच्या. या बैठकीत मला खुर्ची होती.

मी संध्याकाळी पाचला जाऊन बसले. कोपऱ्यात दोन व्यापारी धानाच्या भरडाईचा हिशोब मांडत होते. क्विंटलमागे ६७ किलो तांदूळ सरकारला द्यायचा, तुकडा किती निघाला, ओल किती होती. आवाज चढत होते, पण कुणी कुणाच्या आईबापांपर्यंत जात नव्हते. हिशोब झाला, दोघांनी ढोकळा खाल्ला, उठून गेले. मला त्यांचा हेवा वाटला.

आपा बालाघाटहून संध्याकाळच्या गाडीने आली. चाळीस किलोमीटरची वाट. १९८४ मध्ये ती नवरी होऊन गेली तेव्हा याच वाटेने, छोट्या नॅरोगेजच्या डब्यात बसून, खिडकीतून हात बाहेर काढून रडत गेली होती. आता मोठी गाडी धावते. ती लिफ्टमध्ये चढायला तयार नव्हती, जिन्याने आली. सोफ्याच्या कडेवर बसली, पूर्ण टेकली नाही. "किती पैसे घेतात इथे बसायचे?" हा तिचा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न हळू आवाजात, "भाईजानला राग आला का?"

भाईजान मगरिबनंतर आला. आल्या आल्या उभ्यानेच म्हणाला, "घर मेलं होतं का आपलं? लोक काय म्हणतील, बहिणी लॉजवर उतरतात!" मी म्हटले, "बसा तरी. चहा घ्या." आणि मी उठून यंत्रातून त्याच्यासाठी चहा आणला, दोन चमचे साखर घालून, त्याला लागते तशी. माझ्या आयुष्यात मी भावाला पुष्कळ चहा दिला असेल, पण तो त्याच्या घरचा. आज तो माझा मेहमान होता. हे त्यालाही जाणवले असावे, कारण कप हातात घेताना तो एकदम गप्प झाला.

मग मी बोलले. म्हटले, "भाईजान, तुम्ही अब्बांची सेवा केलीत, ती आम्ही दोघी मिळूनही करू शकलो नसतो. त्याचा हिशोब अल्लाहकडे आहे, तो आम्ही मांडणार नाही. पण घराचा हिशोब अल्लाहनेच मांडून दिला आहे, तो आपण का टाळायचा? घर तुमच्याकडेच राहू दे. किंमत काढू आणि आमचे हिस्से तुम्ही विकत घ्या. आपाचा आधी."

आपा म्हणाली, "मला काही नको, मी तर—" मी तिच्या हातावर हात ठेवला. "आपा, तुम्हाला नको असेल तर घेतल्यावर देऊन टाका. आत्ता सोडू नका."

बराच वेळ कुणी बोलले नाही. भाईजान म्हणाला ते मी जसेच्या तसे सांगते. "घरी असतो तर मी ओरडलो असतो." मग हसला. "इथे लोक बसलेत." आणि थोड्या वेळाने, खालच्या आवाजात, "मला वाटलं, हिस्सा मागितला म्हणजे तुम्ही येणं बंद करणार. फुफूने मागितला तेव्हा अब्बांशी तिचं बोलणं तुटलं होतं. मग मी विचार केला, मागायचीच वेळ नको यायला." म्हणजे जी भीती आम्हाला होती, तीच त्यालाही होती. आम्ही घाबरत होतो की मागितले तर माहेर जाईल. तो घाबरत होता की मागितले तर बहिणी जातील. आणि या भीतीपोटी तिघेही गप्प राहून एका कागदावर सही करायला निघालो होतो.

त्यानंतर तासभर हिशोब चालला, त्या व्यापाऱ्यांसारखाच. हॉटेलच्या पॅडवर आकडे लिहिले. घराची किंमत चाळीस लाख धरली, बाजारभावापेक्षा जरा कमीच. प्रत्येक बहिणीचे दहा. आपाचे दहा कर्जातून लगेच, एकरकमी, तिच्या खात्यात. माझे पाच वर्षांत हप्त्याने, कारण मजलाही चढायचा आहे आणि लग्नही व्हायचे आहे. मोबदला घेऊन हक्क सोडला, असे कागदावर स्पष्ट लिहायचे. आपा आधी मान हलवत राहिली, मग म्हणाली, "दहा लाखांत बालाघाटला दोन खोल्यांचं घर येतं?" हा प्रश्न विचारताना ती पहिल्यांदा सोफ्याला टेकून बसली.

उठताना भाईजानने पाकीट काढले. दुसऱ्या पाहुण्याचे पैसे तो देणार होता. "माझ्या गावात माझ्या बहिणीने बिल भरायचं?" पोऱ्याने सांगितले, "साहेब, ते रूमच्या खात्यावर लागलं आहे." भाईजानला हे अजिबात आवडले नाही. मला फार आवडले.

दुसऱ्या दिवशी वकिलाकडे मसुदा झाला, आणि नंतर ठरलेल्या तारखेला दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात अंगठे, फोटो, सह्या. ज्यांना याची वेळ येईल त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे, की घराचा हक्क तोंडी किंवा साध्या कागदावर सोडता येत नाही, दस्त नोंदवावा लागतो. सही करण्यापूर्वी त्यातला मोबदल्याचा मजकूर स्वतः वाचावा. आणि पैसे धनादेशाने किंवा बँकेतून घ्यावेत, म्हणजे पुढच्या पिढीत कुणाला शंका राहत नाही. भावावर अविश्वास म्हणून नाही. कर्जाचा व्यवहार लिहून ठेवा, असे तर आपल्याला कुरआननेच शिकवले आहे.

हॉटेल सोडायच्या सकाळी भाभीचा डबा आला. खिमा, रोट्या, आणि आपाला आवडणारा गुळाचा शिरा. काउंटरवरच्या मुलीने तो खोलीत आणून दिला आणि म्हणाली, "मॅडम, तुमचं घर इथेच आहे का? मग हॉटेलात का राहिलात?" मी तिला काय सांगणार? म्हटले, "कामाला आले होते." तिचेही गाव जवळच, आमगावकडे. म्हणाली, तिच्याही आईचे मामाकडे शेतीवरून असेच अडले आहे. मग डब्यातला शिरा तिलाही दिला.

अशा हॉटेलांबद्दल आपल्या घरांत अजून संकोच आहे आणि तो सगळाच चुकीचा नाही. जागा पाहून, विचारपूस करून, घरच्यांना सांगूनच उतरावे. आणि हॉटेल घराची जागा कधी घेणार नाही. त्या खोलीत अब्बांची काठी नव्हती, भाभीचा हात नव्हता, रात्री पाणी हवे का म्हणून विचारणारे कुणी नव्हते. पण कधीकधी बरोबरीने बसायला एक जागा लागते, जिथे कुणी यजमान नाही आणि कुणी उपकाराखाली नाही. ती मशिदीचा व्हरांडा असू शकते, शाळेतली एखादी खोली असू शकते, एखाद्या समजूतदार शेजाऱ्याचे अंगण असू शकते. मला ती दोन रात्रींच्या भाड्यात मिळाली. आपाला मिळालेल्या घरापुढे ते भाडे काहीच नाही.

माझा पहिला हप्ता मार्चमध्ये आला. त्यातून भाईजानच्या धाकट्या मुलीची कॉलेजची फी मी भरली. भाभी फोनवर म्हणाली, "मग घेतलं कशाला आणि दिलं कशाला?" मी म्हटले, "भाभी, घेतलं म्हणून देता आलं."

आता वरचा मजला बांधून होत आला आहे. पुतण्याच्या लग्नाला आम्ही सगळे जाणार आहोत, आणि उतरायचे कुठे हे भाईजानने फोनवर बजावून ठेवले आहे. वरच्या मजल्यावरची पश्चिमेची खोली आम्हा बहिणींची. लग्नाचे चार दिवस आहेत. त्या खोलीत आम्ही दोघी शेजारी शेजारी जानमाज अंथरू, आणि दोघीही दोनच रकात पढू. आपाचे बालाघाट तर चाळीसच किलोमीटरवर आहे, तिला पूर्ण चार पढाव्या लागतील, हे आत्ता लिहिता लिहिता ध्यानात आले. फोन करून तिला सांगायला हवे. ती हसेल आणि म्हणेल, "म्हणजे माहेर अजून माझंच जास्त आहे तर!"